रेंज नसलेल्या घरातला लॅपटॉप: ठेवावा की विकावा?

कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका गावातून एका ताईंनी विचारलंय. पुतण्याने पुण्याहून त्याचा जुना लॅपटॉप दिलाय. घरात रेंज अजिबात नाही, वरच्या टेकाडावर गेलं तर मोबाइलला दोन काड्या येतात. ताई बचत गटाचा हिशोब लिहितात. मुलगी अकरावी सायन्सला, मुलगा आठवीत. ओळखीचा दुकानदार म्हणाला, "नेट नसेल तर लॅपटॉप म्हणजे नुसता डबा, विकून टाका." तर काय करावं?

ताई, ठेवा. विकून जे चार पैसे येतील त्यापेक्षा तो घरात जास्त कामाचा आहे. मी साताऱ्यात चोवीस वर्षं कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्तीचं काम करतोय. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी जी मशिन दिली त्यांतल्या बहुतेकांना नेट नव्हतंच. पोवई नाक्यावरच्या कॅफेत लोक फ्लॉपी घेऊन यायचे, १.४४ एमबीची, आणि तेवढ्यात त्यांचं काम व्हायचं. तुमच्याच भागातल्या दूध संस्था बघा. फॅट मशिन आणि वजनकाटा कॉम्प्युटरला जोडलेला, सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी, दहा दिवसांनी बिल. गावात नेट यायच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलंय.

तुमच्या प्रश्नाच्या पोटात मला दुसरा प्रश्न दिसतो. बाहेरची वस्तू लॅपटॉपमध्ये कशी आणायची, लॅपटॉपमधली बाहेर कशी न्यायची, आणि हे काम घरात कोणी करायचं? नेट असलं की हे आपोआप होतं म्हणून कुणी त्याचा विचार करत नाही. तुम्हाला तो करावा लागेल. डोंगरावरचं घर मीठ, तेल, साखर बाजारच्या दिवशी आणतं आणि आठवडा काढतं. लॅपटॉपलाही तसा बाजारचा दिवस ठरवून द्यायचा. हे जमलं तर बाकीचं सोपं आहे. हे जमलं नाही तर मात्र दुकानदार म्हणतो तसा खरंच डबा होतो, आणि असे डबे झालेले लॅपटॉप मी पाहिलेत.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आधी सांगतो. लॅपटॉपमध्ये विंडोज १० आहे की ११, त्यावर पहिली फेरी ठरेल. कामासाठी तालुक्याला महिन्यातून कुणी एकदा जातं की चारदा, यावर सामानाचा साठा किती करायचा ते ठरेल. आणि टेकाडावरच्या त्या दोन काड्यांवर फाइल उतरते की फक्त मेसेज जातो, हेही बघावं लागेल. मी खाली जे सांगतोय ते महिन्यातून निदान एक फेरी होते असं धरून.

पहिली फेरी सगळ्यात महत्त्वाची. लॅपटॉप गावाला नेऊन मग काय काय हवं ते बघू, असं करू नका. नेट जिथे आहे तिथेच, साताऱ्यात, कराडला किंवा पुतण्याकडे, सगळं आटोपून घ्या.

त्यातलं पहिलं काम पुतण्याचं खातं. लॅपटॉप त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर चालत असेल तर तुमच्या नावाचं लोकल खातं उघडून घ्या. लोकल खातं म्हणजे पासवर्ड याच लॅपटॉपमध्ये, नेटचा संबंध नाही. पासवर्ड वहीत लिहा. शहरात पासवर्ड विसरला तर नेटवरून नवा घेता येतो, तुमच्याकडे ती सोय नाही.

विंडोज ११ असेल तर आणखी एक गोष्ट तपासाच. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की अनेकदा आतली डिस्क आपोआप कुलूपबंद होते, म्हणजे एन्क्रिप्ट होते, आणि त्याची किल्ली त्या खात्यात नेटवर जाऊन बसते. किल्ली म्हणजे ४८ आकड्यांची एक संख्या. रोज ती लागत नाही. पण काही बिघाड झाला, आतला भाग बदलला, तर एके दिवशी निळा पडदा येतो आणि ती संख्या मागतो. नेट नसलेल्या घरात त्या दिवशी तुम्ही दाराबाहेर. मी घरगुती लॅपटॉपवर हे कुलूप सरळ काढून टाकतो. लॅपटॉप चोरीला जायची भीती असेल, त्यात गटातल्या बायकांची कागदपत्रं असतील, तर कुलूप राहू द्या, पण ते ४८ आकडे कागदावर छापून घ्या आणि रेशनकार्ड ठेवता तिथे ठेवा.

दुसरं वनड्राइव्हचं, म्हणजे फाइली नेटवर ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीचं. याने मी स्वतः एकदा फसलोय. जावळीकडच्या एका सरांचा लॅपटॉप माझ्याकडे होता. डेस्कटॉपवर त्यांच्या सगळ्या फाइली दिसत होत्या, उघडतही होत्या. गावी नेल्यावर एकही उघडेना. झालं असं होतं की फाइलींची नावं लॅपटॉपवर होती आणि पोटातला मजकूर नेटवर. माझ्या दुकानात वाय-फाय असल्यामुळे उघडताना तो गुपचूप खाली येत होता. अशा फाइलीच्या नावाशेजारी छोट्या ढगाचं चिन्ह असतं. ढग दिसला की ती फाइल तुमच्या घरी नाही असं समजा. फोल्डरवर उजवं बटण दाबून ती कायम लॅपटॉपवर ठेवायचा पर्याय निवडा, ढग जाऊन हिरवी खूण येईपर्यंत थांबा, मग वनड्राइव्ह त्या लॅपटॉपवरून काढून टाका.

त्या दिवसापासून मी एक नियम केलाय. नेट नसलेल्या ठिकाणी जाणारं कुठलंही मशिन दुकानातच वाय-फाय बंद करून एक पूर्ण दिवस वापरून बघायचं. पत्र टाइप करायचं, प्रिंट काढायची, व्हिडिओ लावायचा, बंद करून परत सुरू करायचं. जे अडेल ते तिथेच कळतं. तुम्हीही पुतण्याकडे एक दिवस असंच करा. एसटीचा हेलपाटा वाचेल.

विंडोज १० असेल तर लोक घाबरवतील की त्याचा सपोर्ट संपला. खरं आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नेटवर रोज बसणाऱ्याला मी बदला असंच सांगेन. पण तुमच्या लॅपटॉपला बाहेरचं दार एकच आहे, पेनड्राइव्हचं. तेवढं सांभाळलं तर विंडोज १० वर गटाचा हिशोब लिहायला काही हरकत नाही. जुन्या मशिनवर ओढून-ताणून ११ बसवण्यात मला अर्थ वाटत नाही.

कामाचे प्रोग्रॅम. लिहायला आणि हिशोबाला लिबरऑफिस टाका. फुकट आहे, लायसन्सची भानगड नाही, आणि एकदा टाकल्यावर ते नेटचं तोंडही बघत नाही. त्याची मदतीची पुस्तिका वेगळी उतरवून टाकावी लागते, तीही त्याच दिवशी टाका, नाहीतर मदत मागितली की ते नेट शोधत बसेल. मायक्रोसॉफ्टचं वर्षाचं वर्गणीवालं ऑफिस तुमच्यासाठी नाही. त्याला साधारण महिन्यातून एकदा नेटवर हजेरी द्यावी लागते, नाही दिली तर फाइल दिसते पण त्यात बदल करता येत नाही. एकदाच पैसे भरून घेतलेलं ऑफिस असेल तर ते चालेल, मात्र ॲक्टिव्हेशन शहरातच उरकून घ्या.

मराठी टायपिंगचा कीबोर्ड विंडोजमध्ये असतोच. इनस्क्रिप्ट, म्हणजे ठरावीक कळांवर थेट मराठी अक्षरं, पूर्वीपासून आहे आणि विंडोज १० च्या २०१९ च्या आवृत्तीपासून फोनेटिकही आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी. दोन्ही सुरू करून ठेवा. फॉन्टचं मात्र लक्षात असू द्या. निर्मला फॉन्ट मशिनमध्ये असतो, पण मंगल हा विंडोज १० पासून वेगळा उतरवून घ्यायचा भाग झालाय. पंचायतीतून किंवा शाळेतून आलेली फाइल मंगलमध्ये असली की तुमच्याकडे ओळी सरकतात, तक्ता पानाबाहेर जातो. त्यामुळे देवनागरीचे जादा फॉन्ट त्याच दिवशी घ्या. आणि तुम्ही बाहेर पाठवाल ती फाइल नेहमी पीडीएफ करून पाठवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला असतो, झेरॉक्सवाल्याकडे तो नसला तरी अक्षर तसंच उमटतं. मुलीला पुढे सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायची झाली तर टायपिंगचा सरावही नेटशिवाय होतो.

प्रिंटर घेणार असाल तर दुकानात एकच प्रश्न विचारा: हा केबलने, नेट न लावता, पहिल्या दिवसापासून चालतो का? हल्ली काही प्रिंटर सुरू करतानाच मोबाइल ॲप आणि नेट मागतात. तसला घेऊ नका.

आता मुलांचं. मला वाटतं इथे तुमचा लॅपटॉप सगळ्यात जास्त वसूल होईल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. आठवीची आणि अकरावीची घ्याच, पण मुलीसाठी मागची नववी-दहावीचीही घ्या, कारण अकरावीचं अडतं ते बऱ्याचदा मागचं कच्चं राहिल्यामुळे. त्यानंतर किविक्स. या छोट्या प्रोग्रॅममध्ये पूर्ण विकिपीडिया एकाच फाइलमध्ये उघडतो, नेटशिवाय, आतल्या शोधासकट. मराठी विकिपीडियात ९०,००० हून अधिक लेख आहेत आणि ती फाइल साध्या पेनड्राइव्हवर मावते. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट १०० जीबीच्या आसपास जातो, जुन्या लॅपटॉपच्या डिस्कला तो जड होईल. त्याची चित्रांशिवायची, लहान आवृत्तीही मिळते, ती घ्या. मुलीसाठी फेटचे विज्ञानाचे प्रयोग आहेत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने केलेले. सर्किट जोडणं, लंबक, आम्ल आणि आम्लारी, बरेच मराठीतसुद्धा आहेत आणि उतरवून नेटशिवाय चालतात. ज्या कॉलेजात प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून चारदाच निघतं, तिथल्या मुलीला घरी बसून वीसदा तोच प्रयोग करता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

विश्वकोशाचं वाईचं काम आपल्याच जिल्ह्यातलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं. त्याचे खंड शाळेच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात असतील तर मुलांना जरूर दाखवा. नेट नसलेल्या घराला असा छापील खंड काय असतो ते पटकन कळतं.

पण या सगळ्या साठ्यापेक्षा मला कामाची वाटते ती एक वही. लॅपटॉपशेजारी दोरीने बांधून ठेवायची. कुणाला काही अडलं, काही हवं झालं, की त्यात लिहायचं: कुठला धडा, कुठलं गणित, कुठला फॉर्म. बाजारच्या दिवशी ती वही घेऊन जायचं आणि एका बैठकीत सगळं उतरवायचं. मी एका आश्रमशाळेत हे सुरू करून दिलं होतं. पहिल्या महिन्यात पोरं "पृथ्वीची माहिती" असं लिहायची. ती माहिती आणली तर कुणी वाचलीच नाही. तिसऱ्या महिन्यात एकाने लिहिलं, "भरती-ओहोटी दिवसातून दोनदा का, एकदा का नाही?" प्रश्न आठवडाभर वहीत पडून राहिला की तो पिकतो. नेट असलेल्या मुलांना ही सवय लावणं मला अजून जमलेलं नाही.

सामान आणायचं कसं? तुमचा मोबाइल हाच तुमचा टेम्पो. टेकाडावर किंवा पाटणच्या स्टँडवर मोबाइलमध्ये फाइल उतरवा, घरी येऊन केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलवर फाइल ट्रान्सफर निवडा. केबल डेटाची घ्या, स्वस्तातल्या काही केबल फक्त चार्जिंग करतात आणि माणूस लॅपटॉपला दोष देत बसतो. मोबाइललाही लागणारा पेनड्राइव्ह मिळतो, दोन्हीकडे वेगळं टोक असलेला. तो घेतलात तर केबलही नको. मी त्यात दोनच फोल्डर करायला सांगतो, "आणलेलं" आणि "न्यायचं". काम झालं की दोन्ही रिकामे करायचे. पेनड्राइव्ह हा टेम्पो आहे, त्याचं गोदाम करू नका. एक बारकी अडचण सांगून ठेवतो: जुन्या पद्धतीच्या, म्हणजे फॅट ३२ च्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, जागा रिकामी असली तरी. विकिपीडियाची मोठी फाइल तिथे अडते. पेनड्राइव्ह रिकामा असतानाच एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करून घ्या.

व्हायरसबद्दल. नेट नाही म्हणजे व्हायरस नाही, असं समजणारी मशिनच मी सगळ्यात जास्त साफ केलीत. इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रातली यंत्रणा नेटपासून तोडलेली होती, तरी २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस तिथे शिरला होता, आणि तो पेनड्राइव्हवरून पसरणारा होता. आपल्याकडे तो उद्योग झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर करतो. पेनड्राइव्ह लावला की फोल्डर गायब आणि त्या नावाचे शॉर्टकट दिसतात. घाबरून फॉरमॅट करू नका. फाइली बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. आणि त्या शॉर्टकटवर क्लिक तर मुळीच करू नका, क्लिक केलंत की तो तुमच्या लॅपटॉपमध्ये आला. सगळ्यात सोपा बचाव म्हणजे झेरॉक्सवाल्याला पेनड्राइव्ह द्यायचाच नाही. पीडीएफ मोबाइलमध्ये घ्यायची आणि दुकानातून व्हॉट्सॲपने त्याला पाठवायची. पेनड्राइव्ह द्यायचीच वेळ आली तर त्यासाठी एक वेगळा लहान ठेवा, तो घरी आला की आधी तपासून मगच उघडा. विंडोजमध्येच व्हायरस पकडणारा डिफेंडर असतो, त्याची ओळखीच्या व्हायरसची ताजी यादी एका फाइलमध्ये उतरवून नेटशिवाय टाकता येते. क्विक हीलसारख्यांचीही तशी सोय आहे. त्याचे संस्थापक कैलास काटकर आपल्या रहिमतपूरचे, कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता तिथवर पोचलेला माणूस. ही यादी महिन्याच्या फेरीत घ्यायची.

बचत गटाच्या हिशोबात एक धोका असा आहे जो कुणी सांगत नाही: घड्याळ. नेट असलेला कॉम्प्युटर वेळ नेटवरून जुळवून घेतो. तुमचा नाही घेणार. रोजचे काही सेकंद पुढे-मागे होतात, त्याने काही बिघडत नाही. पण जुन्या लॅपटॉपची मोठी बॅटरी गेलेली असते आणि आतली घड्याळाची छोटी बॅटरीही संपत आलेली असते. लाइट दोन दिवस नसली की तारीख एकदम काही वर्षं मागे जाते. तुमच्या तक्त्यात आजच्या तारखेवरून व्याज काढणारं सूत्र असेल तर सगळ्यांचं व्याज चुकतं, आणि गटात पैशावरून एकदा शंका आली की ती लवकर जात नाही. म्हणून दोन गोष्टी करा. हप्त्याची आणि कर्जाची तारीख हाताने टाइप करा, "आजची तारीख" देणारं सूत्र वापरू नका. आणि हिशोबाला बसण्याआधी कोपऱ्यातली तारीख मोबाइलशी किंवा आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळेशी ताडून बघा. पहिल्या फेरीतच ती छोटी बॅटरी बदलून घेतलीत तर उत्तम. दर महिन्याच्या बैठकीनंतर तक्त्याची प्रिंट काढून त्यावर अध्यक्ष, सचिवांची सही घ्या. छापील आणि सही केलेला कागद हाच तुमचा खरा हिशोब.

फाइलींची दुसरी प्रत ठेवणं तुम्हाला इतरांपेक्षा जास्त गरजेचं, कारण तुमची प्रत नेटवर कुठेच नसणार. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीहून माझ्याकडे गाळाने भरलेल्या हार्ड डिस्क आल्या होत्या. काहींनी प्रत ठेवलेली होती, पण त्याच कपाटात, त्याच तळमजल्यावर. दोन्ही गेल्या. गावभागातल्या एका दुकानदाराचं मात्र काहीच गेलं नाही, कारण त्याची प्रत दर रविवारी विश्रामबागला बहिणीकडे जायची. तुमच्या डोंगरावर पूर येणार नाही, पण दरड आहे, वीज आहे, घराची गळती आहे. एक पेनड्राइव्ह घरात आणि एक गटातल्या दुसऱ्या वाडीच्या बाईकडे ठेवा, दर महिन्याच्या बैठकीला अदलाबदल करा. त्या पेनड्राइव्हने झेरॉक्सचं दुकान कधी बघू नये.

काही कामं नेटशिवाय होणारच नाहीत. शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशाचे फॉर्म, सातबारा, बँकेचं काम. त्यासाठी सेवा केंद्रात जावंच लागेल. पण दाखले, फोटो, सही हे सगळं घरीच स्कॅन करून, मागितलेल्या आकारात लहान करून, नावं देऊन नेलंत तर तिथल्या रांगेत तासाचं काम दहा मिनिटांत होतं.

वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात, लॅपटॉप स्वतः शहरात नेऊन नेटला लावा. चांगलं वाय-फाय असेल तिथेच लावा. सहा महिने उपाशी असलेला विंडोज नेट दिसताच काही जीबी ओढतो, मोबाइलचा दिवसाचा डेटा तासाभरात संपवतो. अर्धा दिवस मोकळा ठेवा आणि अपडेट अर्ध्यात सोडून एसटी पकडू नका.

आणि पाऊस. नवजा, कोयनानगरकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार. त्या चार महिन्यांत लॅपटॉप पेटीत बंद करून ठेवू नका, दमट हवेने आतल्या पट्ट्यांवर बुरशी धरते. रोज तासभर सुरू ठेवा, त्याच्याच उष्णतेने तो कोरडा राहतो. ढग गडगडायला लागले की चार्जर भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. हे काम मुलावर सोपवा, आठवीतलं पोरगं ते चोख करतं.